घटस्फोटाचा कागद कोणाच्या कपाटात?

वडगाव हे मावळ तालुक्याचे ठाणे. तहसीलदाराची कचेरी याच गावात आणि दिवाणी न्यायालयही याच गावात. १७७९ साली इंग्रज फौजेला मराठ्यांपुढे नमते घेऊन तह करावा लागला तोही येथेच, आणि त्या तहाच्या अटी आज अडीचशे वर्षांनंतरही इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात वाचावयास मिळतात. परंतु पंधरा वर्षांपूर्वी याच गावच्या न्यायालयाने एखाद्या मजूर बाईला दिलेला घटस्फोटाचा हुकूमनामा मात्र खुद्द तिलाच मिळत नाही. तहसील कचेरीतला कारकून म्हणतो, ‘कोर्टाचा कागद आणा.’ कोर्टातला कारकून विचारतो, ‘दाव्याचा नंबर आणि साल?’ बाईला नंबर ठाऊक नसतो. वकील वारलेला असतो किंवा पुण्यास गेलेला असतो. नाणे मावळातून अथवा आंदर मावळातून एस. टी. ने आलेल्या त्या बाईचा एक दिवसाचा रोजगार बुडतो आणि ती परत जाते.

ही हेळसांड नवी नाही, परंतु अलीकडे तिला धार आली आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे, आणि पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रीला तिच्यात स्थान आहे. मात्र पुरावा तिने आणायचा. २०२४ साली मोठ्या गाजावाजाने ‘लाडकी बहीण’ योजना आली. दरमहा दीड हजार रुपये देताना ‘विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता’ अशी यादी जाहिरातींतून घरोघर पोचविण्यात आली. निवडणूक पार पडली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाला पडताळणीची आठवण झाली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा बापाचे आधार मागण्यात आले. ज्या नवऱ्याने घराबाहेर काढले त्याच्याच भ्रमणध्वनीवर आलेला आकडा त्याच्याकडून मागून घ्यावा, अशी ही व्यवस्था होती! ओरड झाल्यावर मुदत वाढली आणि बाप हयात नसलेल्या घटस्फोटितांनी न्यायालयाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी असे ठरले. म्हणजे गाडे पुन्हा त्याच कागदापाशी येऊन थांबले.

बनावट लाभार्थी वगळण्यासाठी पुरावा हवाच, असे शासनाचे समर्थक म्हणतात. पुरावा हवा हे मान्य. प्रश्न असा आहे की, जो पुरावा राज्यसंस्थेच्याच कपाटात आहे तो शोधून आणण्याचा बोजा समाजातील सर्वांत निर्बल व्यक्तीच्या डोक्यावर का? जन्म व मृत्यू यांच्या नोंदीसाठी १९६९ चा कायदा आहे. विवाहाच्या नोंदीसाठी महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा आहे. घटस्फोटाची मात्र कोठेच नोंदवही नाही. हिंदू विवाह कायद्याखाली न्यायालय हुकूमनामा करते, तो दप्तरात बांधला जातो, आणि ज्या विवाहनोंदणी कचेरीत ते लग्न लिहिलेले असते तेथे ते लग्न जिवंतच राहते.

हे अशक्य कोटीतले काम आहे म्हणावे, तर तसेही नाही. पारशी समाजासाठी असलेल्या १९३६ च्या कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत न्यायालयानेच विवाहनिबंधकाकडे पाठवावी आणि त्याने ती नोंदवहीत चढवावी. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे घटस्फोटाचा निकाल विवाहाच्या मूळ नोंदीशी जोडून लिहिला जातो. मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच, म्हणजे दिल्लीच्या आठ वर्षे आधी केला. कायदा करताना जे राज्य पुढे होते त्याला नोंदवही उघडण्यास पाऊणशे वर्षांत सवड मिळाली नाही.

नोंदवही नाही म्हणून कार्यकर्त्याला हात बांधून बसता येणार नाही. कागद शोधण्याची वाट आहे. ती वाकडी आहे, पण आहे. पहिला प्रश्न न्यायालय कोणते हा. लग्न जेथे लागले, नवरा-बायको शेवटी एकत्र जेथे राहिली, किंवा ज्याच्यावर अर्ज आहे तो जेथे राहतो, तेथे अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः राहते त्या ठिकाणीही करता येतो. म्हणून मावळातल्या बाईचा निकाल वडगावच्या दिवाणी न्यायालयात असू शकतो, जुना असल्यास पुण्याच्या न्यायालयात असू शकतो, नवरा पुणे शहरातला असल्यास १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात असू शकतो, आणि तो मुंबईस नोकरीला असल्यास वांद्र्यालाही असू शकतो. नवऱ्याने तिकडे एकतर्फी निकाल घेतला आणि बाईला त्याचा पत्ताच नाही, असेही घडते.

लोणावळ्याच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार आढळतो. तेथील फौजदारी न्यायालयाने दिलेला पोटगीचा आदेश किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचा आदेश हाच आपला घटस्फोट, असे अनेकींना वाटते. तो घटस्फोट नव्हे. दंडाधिकाऱ्याला विवाह मोडण्याचा अधिकारच नाही. तथापि तो आदेश फेकून देऊ नये. त्याच्या मजकुरात पुष्कळदा घटस्फोटाच्या अर्जाचा उल्लेख, क्रमांक आणि साल सापडते, आणि नंबर मिळाला की निम्मे काम झाले.

नंबर नसेल तर घरातील ट्रंक प्रथम पाहावी. जुने समन्स, वकीलपत्राची प्रत, तारखांची चिठ्ठी, काहीही चालते. तेही नसेल तर दोघांची लग्नाच्या वेळची पूर्ण नावे आणि निकालाचे अंदाजी साल घेऊन न्यायालयाच्या नोंदवहीतून शोध घेण्याचा अर्ज करावा. अलीकडील दावे न्यायालयांच्या संगणकावर पक्षकाराच्या नावावरून सापडू शकतात. मात्र वैवाहिक प्रकरणांत नावे झाकलेली असतात, त्यामुळे तेथे दिसले नाही म्हणजे दावाच नाही असे समजू नये. त्यानंतर नक्कल विभागात अर्ज. अर्जात दाव्याचा क्रमांक, साल, दोन्ही पक्षकार, निकालाची तारीख आणि अर्जदार स्वतः पक्षकार आहे ही गोष्ट लिहावी. निकालपत्राबरोबर हुकूमनाम्याचीही सहीशिक्क्याची नक्कल मागावी, कारण कचेऱ्यांना हुकूमनामाच लागतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पक्षकार नसलेल्याला, म्हणजे मुलाला किंवा भावाला, कारण दाखवून न्यायालयाची परवानगी काढावी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज येथे उपयोगी पडत नाही. न्यायालयीन दप्तराच्या नकला न्यायालयाच्या नियमांनीच मिळतील, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. आणि वकिलाला द्यावयास पैसे नाहीत म्हणून कोणी मागे फिरू नये: १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेसाहाय्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते.

एवढा खटाटोप मुळात का पडावा? १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये असे घालण्यात आले की, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालयाने दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी. विशेष विवाह कायद्यातही तेच आहे. ‘द्यावी’ याचा अर्थ मागितल्यावर द्यावी असा नाही. ही प्रत निकाल होताच प्रत्येक बाईच्या हाती पडली असती, तर नक्कल विभागाच्या खिडकीशी लागलेली रांग निम्म्याने कमी झाली असती.

परंतु ज्यांच्यासाठी असा कागद जन्मालाच आला नाही त्यांचे काय? १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरविली, तेव्हा टाकलेल्या बायकांचा प्रश्न प्रथमच उघडपणे व्यासपीठावर आला. नवऱ्याने टाकले, पण सोडले नाही. अशी स्त्री कोणत्या न्यायालयाचा हुकूमनामा आणणार? त्याहून विपरीत स्थिती मावळातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांची. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना मुळी लागूच नाही. तसे त्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिले आहे. तेथे काडीमोड जमातीच्या पंचांसमोर होते. जो कायदा त्या बाईला लागू नाही त्या कायद्याखालचा कागद तिच्याकडून मागणे हा अडाणीपणा म्हणावा की क्रौर्य? इतर अनेक जातींतही रूढीने होणारी फारकत कायद्याने राखून ठेवली आहे. पण ती रूढी सिद्ध करावी लागते, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का उमटवून ती सिद्ध होत नाही.

या शिक्क्याचा खरा धंदा जमिनीपाशी चालतो. द्रुतगती महामार्ग झाला, तळेगावला कारखाने आले, पवनेच्या काठी आणि लोणावळ्याभोवती धनिकांचे बंगले उठले, आणि मावळातल्या गुंठ्यागुंठ्याला भाव आला. अशा वेळी खातेदार मरण पावतो. वीस वर्षांपूर्वी टाकलेली त्याची बायको माहेरी असते. कायद्याने घटस्फोट झालेला नसेल तर ती त्याची विधवा आहे आणि १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाची वारस आहे. नेमका तेव्हाच कोठून तरी जुन्या तारखेचा फारकतनामा उगवतो, त्यावर तिचा अंगठा असतो, आणि फेरफारात तिचे नाव येत नाही. घटस्फोटाची नोंदवही असती तर तलाठ्याला एका ओळीत उत्तर मिळाले असते: नोंद नाही. नोंदवहीचा अभाव हा केवळ आळस नव्हे, त्यात कोणाचा तरी फायदा आहे.

नोंदवहीविरुद्ध एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याची दखल घेतली पाहिजे. वैवाहिक दावे बंद दाराआड चालावेत, त्यांचा मजकूर छापू नये, असे कायदाच सांगतो. घटस्फोटितेची नोंद सर्वांना खुली झाली तर गावकुसातल्या जिभा तिला सोडणार नाहीत, हे खरे आहे. म्हणून नोंदवहीत आरोप, साक्षी, कारणे यांतले काहीही येता कामा नये. दोन नावे, न्यायालय, दाव्याचा क्रमांक आणि तारीख एवढेच यावे; आणि तिचा उतारा त्या दोघांना, त्यांच्या मुलांना व वारसनोंद करणाऱ्या अधिकाऱ्यालाच मिळावा.

मावळातल्या शाखांनी तहसीलदारांपुढे तीन गोष्टी ठेवाव्यात. ठाकर-कातकरी स्त्रियांसाठी आणि परित्यक्तांसाठी न्यायालयाच्या कागदाची अट काढून ग्रामसभेच्या दाखल्यावर आणि स्थानिक चौकशीवर काम चालवावे. फारकतनामा पुढे आला की त्या स्त्रीला नोटीस देऊन तिचे म्हणणे ऐकल्याखेरीज फेरफार मंजूर होऊ नये. आणि ज्या बाईने न्यायालयाचे नाव व साल सांगितले असेल, तिच्या निकालाची खातरजमा तहसील कचेरीने स्वतः न्यायालयास पत्र लिहून करून घ्यावी. वडगावच्या निकालांपुरते तर हे पत्र टपालातही टाकावे लागणार नाही. शिपायाने हातोहात नेऊन दिले तरी पुरे.