क्लब कुणाच्या बापाचा?

वर्ल्ड कप आला की आपल्या हॉस्टेलमधली निम्मी पोरं पिवळा टी-शर्ट घालून फिरतात. ब्राझीलची मॅच असली की रात्री कितीही वाजोत, कॉमन रूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला कोण येणार, हे सरांनी विचारूच नये! पण मित्रांनो, हे अकरा जण येतात कुठून? "त्यांच्या रक्तातच फुटबॉल आहे," हे ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. रक्ताबिक्तात काही नसतं. घराजवळ एक क्लब असतो आणि तो लोकांनी चालवलेला असतो.

उदाहरण घेऊ ब्राझीलच्या दक्षिण टोकाच्या रियो ग्रांदे दो सूल या राज्याचं. 2002 चा वर्ल्ड कप जिंकून देणारा कोच स्कोलारी इथला. पुढे कोच झालेले दुंगा आणि तिते इथलेच. रोनाल्डिन्यो आणि गोलकीपर अ‍ॅलिसनही इथलेच. एकाच राज्यातून एवढी माणसं, हा काही योगायोग नाही.

1900 साली रियो ग्रांदे नावाच्या बंदराच्या गावात एक क्लब निघाला. आजही चालू असलेल्या ब्राझीलमधल्या फुटबॉल क्लबांमध्ये तो सगळ्यात जुना. 1903 मध्ये ही मंडळी राजधानी पोर्तो अलेग्रेला मॅच दाखवायला गेली. असं सांगतात, की ऐन खेळात त्यांचा बॉल बसला. बघ्यांमधल्या कांदिदो दियास नावाच्या माणसाने स्वतःचा बॉल दिला आणि बदल्यात क्लब कसा काढायचा ते विचारून घेतलं. त्यातून 'ग्रेमियो' उभा राहिला. पुढे 1909 मध्ये साओ पावलोहून आलेल्या पोपे बंधूंना शहरातल्या क्लबांत कुणी घेईना, म्हणून त्यांनी 'इंटरनॅसिओनाल' काढला. सगळ्यांसाठी दार उघडं, असा त्या नावाचा अर्थ. पहिल्याच मॅचमध्ये ग्रेमियोने त्यांना 10-0 असं धुतलं! आपली टीम दुसऱ्या दिवशी बरखास्त झाली असती. ते मात्र टिकले. 2006 मध्ये याच इंटरने क्लब वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये बार्सिलोनाला 1-0 ने हरवलं. समोर कोण खेळत होता? ग्रेमियोत वाढलेला रोनाल्डिन्यो!

इंटरचं बेइरा-रियो स्टेडियम 1969 साली ग्वाइबाच्या पाण्यात भराव घालून उभं राहिलं. त्यासाठी लोकांनी घरून विटा, सिमेंट, लोखंड आणून दिलं. सिव्हिलवाल्यांनो, असं एस्टिमेट कुठल्या पुस्तकात आहे का? मे 2024 च्या महापुरात हे स्टेडियम आणि ग्रेमियोचं स्टेडियम, दोन्ही पाण्याखाली गेली. तेव्हा शहराला ते स्वतःचंच घर बुडाल्यासारखं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

पण सगळंच गोड नव्हतं, हेही सांगायला हवं. सुरुवातीच्या काळात मोठ्या क्लबांत काळ्या खेळाडूंना जागा नव्हती. त्यांनी स्वतःची लीग काढली. लोक तिला कुत्सितपणे 'काळ्या नडग्यांची लीग' म्हणत. ग्रेमियोने तेसोरिन्या या काळ्या खेळाडूला घेतलं ते थेट 1952 मध्ये. लगेच दुसऱ्या वर्षी क्लबचं गीत लिहिलं लुपिसिनियो रॉड्रिग्ज या काळ्या संगीतकाराने! बायकांना तर 1941 पासून 1979 पर्यंत देशभर कायद्यानेच फुटबॉल बंद होता. म्हणजे 'लोकांचा क्लब' म्हणताना लोक म्हणजे कोण, हे भांडूनच ठरवावं लागतं.

आणि फुटबॉल म्हणजे सगळं नाही. कार्लोस बार्बोसा हे तिथलं एक छोटं गाव, भांडी आणि सुऱ्यांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. तिथला फुटसालचा क्लब 2001, 2004 आणि 2012 मध्ये क्लबांचा जगज्जेता झाला. पोर्तो अलेग्रेची दाइयाने दोस सांतोस लहानपणी सार्वजनिक मैदानात उड्या मारताना कुणाच्या तरी नजरेत भरली आणि 2003 मध्ये जिम्नॅस्टिक्सची वर्ल्ड चॅम्पियन झाली. मैदान होतं, बघणारं कुणीतरी होतं आणि पुढे शिकवणारा क्लब होता. या तिन्हींपैकी एक जरी नसतं तर?

आता प्रश्न पैशाचा. 2021 मध्ये ब्राझीलने कायदा करून क्लबांना कंपनी व्हायची वाट मोकळी केली. बोटाफोगो विकला गेला आणि 2024 मध्ये दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला. वास्को विकला गेला आणि मालकच डबघाईला आल्याने 2024 मध्ये कोर्टात जाऊन ताबा परत घ्यावा लागला. म्हणजे मालक चांगला निघाला तर कप, नाही तर कोर्ट! सभासदांनी अध्यक्ष निवडायच्या पद्धतीतही उधळपट्टी होते, राजकारण होतं, कर्ज होतं. मान्य. पण निदान त्या अध्यक्षाला पुढच्या निवडणुकीत घरी बसवता येतं. कंपनीच्या मालकाला कोण बसवणार? म्हणून माझं मत सभासदांच्या बाजूने. फक्त हिशोब दरवर्षी चव्हाट्यावर मांडला पाहिजे.

हे वाचून कुणी म्हणेल, ब्राझीलचं आम्हाला काय? मित्रांनो, जिमखान्याची फी आपण सगळेच भरतो. त्यातून काय आणलं, कुणी ठरवलं, मुलींना कोर्ट किती वाजेपर्यंत मिळतं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय? मी स्वतः इतक्या वर्षांत जिमखान्याच्या एकाही मीटिंगला गेलेलो नाही. नेट फाटलंय म्हणून मेसमध्ये शिव्या मात्र रोज घातल्या.

विटा नका आणू. पुढच्या मीटिंगला या. मीही येतोय.