घर्षण एवढेंच उत्तर नव्हे

सन २०२२ च्या एप्रिलच्या २ तारखेस रात्रीं विदर्भाच्या आकाशांतून जळते गोळे ओळीनें जातांना पुष्कळांनीं पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी गांवीं धातूचें एक भलें मोठें कडें येऊन पडलें. हे परत कोसळणाऱ्या चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असें जाणत्यांचें मत पडलें. 'अग्निबाण जळाला कशानें?' असें विचारल्यास आमच्या ठाणें-कल्याणकडील कोणताही हुशार विद्यार्थी तत्काळ म्हणेल, 'हवेच्या घर्षणानें.' या उत्तरास गुणही मिळतात. परंतु आमच्या मतें तें अपुरें आहे, आणि तेवढ्यावर समाधान मानण्याची संवय घातक आहे.

सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक तापतें, तें मुख्यतः आंतील हवा दाबली गेल्यामुळें. सेकंदास सात-आठ किलोमीटर वेगानें येणाऱ्या वस्तूपुढील हवेस बाजूस सरण्यास अवसरच मिळत नाहीं. ती दाबली जाऊन हजारों अंश तापते. तीमधील प्राणवायूचे व नत्रवायूचे रेणू फुटून अणू सुटे होतात. हे अणू यानाच्या पृष्ठभागावर पुन्हां जोडले गेले, तर फुटतांना घेतलेली उष्णता तेथेंच परत टाकतात. ही जोडणी घडवून आणण्यांत पुष्कळ धातू तत्पर असतात. सिलिकेचे कांचेसारखे लेप मंद असतात. डोंबिवली-अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांत जो उत्प्रेरक इष्ट, तोच येथें वैरी ठरतो.

सन १९८१ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या 'कोलंबिया' यानाच्या पोटाखालील कांहीं फरशांस मुद्दाम उत्प्रेरक लेप दिला होता. त्या शेजारच्या फरशांहून स्पष्टपणें अधिक तापल्या. वेग तोच, हवा तीच. भेद केवळ लेपाचा! 'घर्षण' म्हणून थांबणाऱ्यास हा प्रयोग सुचलाच नसता. सन २००७ च्या जानेवारींत इस्रोनें आपली कुपी कक्षेंतून बंगालच्या उपसागरांत सुखरूप उतरविली, तेव्हां तिच्या अंगावरही सिलिकेच्या फरशा होत्या.

विचारणें थांबलें म्हणजे काय होतें, हेंही 'कोलंबिया'नेंच दाखविलें. सन २००३ च्या उड्डाणसमयीं तिच्या डाव्या पंखाच्या कडेवर फेसाचा तुकडा आदळला होता. तो दिसला, परंतु त्याची पुरती चौकशी झाली नाहीं. १ फेब्रुवारी रोजीं परततांना त्या भगदाडांतून तप्त वायू आंत शिरला, आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण प्राणांस मुकले.

गुणांवांचून पुढील प्रवेश मिळत नाहीं, ही पालकांची चिंता आम्हांस ठाऊक आहे. तरीही मुलानें उत्तर पाठ झाल्यावर पुन्हां 'कां?' विचारलें, तर 'परीक्षेस एवढें पुरें' असें म्हणून त्यास थांबवूं नये, अशी आमची विनंति आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, घरीं कोणास सवड नसेल, तर तो प्रश्न वहींत टिपून शाळेंत घेऊन या. शिक्षकांस तत्काळ उत्तर आलें नाहीं, तरी हरकत नाहीं. तें आपण मिळून शोधूं.