बर्फात काळा पडलेला चेहरा

आमच्या वर्धा जिल्ह्यात बर्फ पडत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बर्फ दिसतो तो रसवंतीत नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. तेव्हा आम्ही बर्फातल्या फोटोबद्दल का लिहावे, असे कुणालाही वाटेल. पण घडले ते ऐका.

हिंगणघाटच्या आमच्या वस्तीतली पाच मुले गेल्या जानेवारीत मनालीला जाऊन आली. कुणी जिनिंगमध्ये हमाली करतो, कुणी ऑटो चालवतो, कुणी नळ दुरुस्त करतो. दोन वर्षे भिशी लावून पैसे जमवले. सेवाग्रामहून रेल्वेने दिल्ली आणि तिथून रात्रभर बस. सोलांगच्या खोऱ्यात पोहोचली तेव्हा आभाळ भरून आलेले होते, ऊन नव्हते, बारीक बर्फ भुरभुरत होता. पाचही जण गळ्यात हात घालून उभे राहिले आणि वाटेकऱ्याकडून फोटो काढून घेतला.

घरी आल्यावर त्यातला एक फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवला. एकाची आई चष्मा लावून फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाप्पा, यात माहा पोरगा कोन्ता?"

फोटोत बर्फ राखेच्या रंगाचा आला होता आणि पाच चेहऱ्यांच्या जागी पाच काळे डाग होते. पोरगा हसून म्हणाला, "जाऊ दे न माय, आमी हाओच काळे. त्याले कॅमेरा का करन?"

हे वाक्य आम्हाला लागले. कारण हेच वाक्य आम्हीही एके काळी बोललो आहोत. रोलच्या कॅमेऱ्याच्या काळात बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या कपड्यातल्या मंडळींचे फोटो आम्ही हौसेने काढायचो. छापून आले की साड्या मळकट आणि चेहरे काळेठिक्कर. आम्ही दोष आमच्या कातडीला दिला. तो चूक होता. दोष मोजमापाचा होता.

कॅमेऱ्यात, तसाच मोबाईलमध्येही, उजेड मोजणारे मीटर असते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे ते धरून चालते. या करड्याला छायाचित्रकार १८ टक्के करडा म्हणतात. पडलेल्या उजेडातला तेवढाच भाग तो परत फेकतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतो. मीटरला वाटते, उजेड फार झाला! मग ते फोटोतला उजेड कमी करते. ढगाळ, अंधुक दिवशीही ते हेच करते, कारण चौकटीत बर्फच जास्त असतो. त्यामुळे पांढरा बर्फ करडा होतो, आणि सावळा माणूस काळोखात जातो.

आणि हे मोजमाप नेहमीच भोळे नव्हते. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-फोटो देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर वर्षानुवर्षे गोरीच स्त्री असे. ती बरोबर दिसली की रंग बरोबर, असा हिशेब. पुढे लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी तक्रार केली की तपकिरी रंगाच्या छटा नीट येत नाहीत, तेव्हा फिल्म सुधारण्याकडे लक्ष गेले. काळ्या मुलांच्या आईबापांची तक्रार मात्र तोवर कुणी मनावर घेतली नव्हती. वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रिया असलेली कार्डे १९९० च्या दशकात आली. २०२१ साली गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये सावळ्या चेहऱ्यांसाठी मुद्दाम सुधारणा केली. म्हणजे सुधारणा होऊ शकत होती, ती उशिरा झाली इतकेच.

आता उपाय सांगतो. मोबाईलवर मित्राच्या चेहऱ्याला बोट लावून थोडे दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये सूर्याचे चिन्ह किंवा पट्टी दिसते. ती वाढवा, बर्फ पांढरा दिसेपर्यंत. कॅमेरा असेल तर अधिक-उणे लिहिलेले बटण अधिक १ वर ठेवा, बर्फच बर्फ असेल तर अधिक २ पर्यंत न्या. एक पायरी वाढवली की उजेड दुप्पट होतो, हे लक्षात ठेवा.

फ्लॅश बंद ठेवा. भुरभुरणारा बर्फ फ्लॅशच्या उजेडात चमकतो आणि चेहऱ्यावर पांढरे ठिपके येतात. मित्रांना मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभे करा. बर्फावरचा उजेड खालून हनुवटीवर आणि डोळ्यांखाली येतो, तो फुकटचा दिवा आहे. अंधुक उजेडात हात हलला की फोटो पुसट येतो, म्हणून कोपरे छातीला टेकवा किंवा मोबाईल दगडावर टेकवून टायमर लावा. कॅमेऱ्यात आयएसओ ४०० किंवा ८०० ठेवा. सारे निळसर येत असेल तर रंगाच्या सेटिंगमध्ये ढगाचे चिन्ह निवडा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, ती आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि गरम झाल्यावरच उघडा, नाहीतर भिंगावर आणि आतही दव धरते.

यासाठी मनालीच गाठली पाहिजे असे नाही. डिसेंबर-जानेवारीत हिंगणघाटला कापसाच्या गंजी लागतात. धुक्याच्या सकाळी त्या गंजीपुढे हमाल मित्रांना उभे करा. पांढरे ढीग, सावळे चेहरे, मंद उजेड, सगळे बर्फासारखेच. विहारात पांढऱ्या कपड्यातली माणसे जमतात, तिथेही हीच युक्ती चालते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. उजेड वाढवणे म्हणजे गोरे करणे नव्हे. मोबाईलमध्ये चेहरा गोरा करणारे फिल्टर असतात, त्यांच्या नादी लागू नका. फोटोत आपला रंग आहे तसाच यावा. डोळे दिसावे, हसू दिसावे, कपाळावरची आठी दिसावी, आईला आपले लेकरू ओळखू यावे. एवढेच मागायचे, पण यात तडजोड करायची नाही.

तो फोटो आम्ही मुलाच्या मोबाईलवर पुन्हा उघडला आणि उजेड हळूहळू वाढवला. बर्फ पांढरा झाला. फोटो थोडा दाणेदार झाला खरा, कारण काळोखात गेलेले सगळे परत येत नाही, म्हणूनच काढतानाच काळजी घ्यायची. पण पाच चेहरे वर आले. आईने डावीकडून दुसऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हा व्हय. कानटोपी मीच देल्ली होती."

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तो फोटो नव्याने छापून आणला आणि जुनी फ्रेम उघडून त्यात बसवला.