नेमणूकच नव्हती

परवा एक गृहस्थ भेटायला आले. पन्नाशी ओलांडलेले, मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावचे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे मांडला. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स, बढती डावलल्याचं पत्र, एका आयोगाकडे केलेला अर्ज आणि त्याला टाचणीने लावलेल्या रजिस्टर एडीच्या सात पोचपावत्या. सुनावणीची तारीख दोनदा लागली, दोन्ही वेळा ‘अध्यक्ष नाहीत’ म्हणून पुढे गेली. अध्यक्ष दौऱ्यावर होते असं नाही. त्या पदावर कोणाची नेमणूकच झाली नव्हती.

असं दिल्लीतही घडतं. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाच्या अध्यक्षांची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली. पुढचे अध्यक्ष रुजू झाले ते २०२१ च्या फेब्रुवारीत. आठ महिन्यांहून अधिक काळ खुर्ची रिकामी. त्याच अध्यक्षांनी २०२२ मध्ये पंजाब विधानसभेची निवडणूक लढवायला पद सोडलं, ते हरले आणि काही आठवड्यांत पुन्हा त्याच खुर्चीवर आले. त्याआधीच्या सरकारच्या काळात सत्ताधारी पक्षाचा विद्यमान खासदारच अध्यक्ष होता. म्हणजे यात एका पक्षाकडे बोट दाखवायची सोय नाही. भेदभावाची चौकशी ज्याने करायची, त्याची पुढची उमेदवारी ज्यांच्या हातात आहे, बहुतेकदा त्यांच्याच यंत्रणेविरुद्ध तक्रार असते. तक्रारदाराने मग भरवसा कोणावर ठेवायचा?

हा धोका बाबासाहेबांनी १९४७ मध्येच ओळखला होता. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केलं, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाचं, त्यात अल्पसंख्याकांसाठी एक स्वतंत्र अधीक्षक मागितला आहे, आणि अस्पृश्यांची गणनाही तिथे अल्पसंख्याकांतच आहे. या अधीक्षकाचा दर्जा महालेखापरीक्षकासारखा. त्याला काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकी कडक पद्धत. त्याने दरवर्षी अहवाल द्यायचा, आणि त्यात समाजाच्या वागणुकीबरोबर सरकारांची व अधिकाऱ्यांची वागणूकही तपासायची. एक कलम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. या अहवालावर चर्चेसाठी वेळ देणं सरकारांवर बंधनकारक असावं, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. अहवाल नुसता पटलावर ठेवला की काय होतं, हे त्यांना पुरतं माहीत असणार.

घटनेत आलं ते याहून पुष्कळ कमी. कलम ३३८ खाली एक विशेष अधिकारी नेमला गेला. १९९० च्या ६५ व्या घटनादुरुस्तीने त्याच्या जागी आयोग आणला, २००३ च्या ८९ व्या दुरुस्तीने जाती आणि जमातींचे आयोग वेगळे केले. चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळाले. समन्स काढता येतं, शपथेवर जबाब घेता येतो, कोणत्याही कार्यालयातली फाइल मागवता येते. ही ताकद लहान नाही. एरवी ‘सापडत नाही’ म्हणून वर्षभर अडकलेली फाइल समन्स पोचल्यावर आठवड्यात सापडते. पण आयोगाला मनाई हुकूम देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं. न्यायाधीशासारखं संरक्षण महालेखापरीक्षकाला, म्हणजे कॅगला, मिळालं; आयोगाच्या अध्यक्षाला मिळालं नाही. त्याची मुदत तीन वर्षांची, तीही नियमांनी ठरलेली.

तरीही त्या खुर्चीत माणूस कोण बसतो याने फरक पडतो. ब्रह्मदेव शर्मा हे १९८६ ते १९९१ या काळात अनुसूचित जाती-जमाती आयुक्त, म्हणजे कलम ३३८ खालचे तेच विशेष अधिकारी, होते. बस्तरची कलेक्टरी केलेले, आयएएसचा राजीनामा दिलेले. त्यांना कोणाकडून काही मिळवायचं नव्हतं. त्यांचा २९ वा अहवाल दलित-आदिवासी चळवळीतले कार्यकर्ते आजही काढून वाचतात. सरकारी अहवालाच्या नशिबी असे वाचक क्वचितच येतात. पण असा माणूस मिळण्यावर सगळी व्यवस्था सोडून देणं हा त्या माणसावरही अन्याय आहे आणि पिशवी घेऊन फिरणाऱ्यांवरही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. जुना अध्यक्ष जाण्याआधी नवा ठरलेला असावा. पद सोडल्यावर काही वर्षं निवडणूक लढवायला बंदी असावी. अहवालावर दोन्ही सभागृहांत एक दिवस चर्चा व्हावी. आज घटनेप्रमाणे अहवाल कृती-निवेदनासह संसदेपुढे ठेवावा लागतो, शिफारस न स्वीकारल्यास कारण द्यावं लागतं. चर्चेची सक्ती मात्र नाही. १९४७ ला मागितलेली ही गोष्टही अजून बाकी आहे.

त्या गृहस्थांनी कागद पुन्हा क्रमाने लावले, पोचपावत्या सगळ्यात वर ठेवल्या. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, “तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला कळत असेल. नवे साहेब आले का हो?”