सिस्टरची तलफ



रात्रपाळीतला डॉक्टर जिन्याखाली सिगारेट ओढतो, तेव्हा त्याला ‘कामाचा ताण’ असतो. तीच सिगारेट सिस्टरच्या हातात दिसली की तिचं चारित्र्य काढलं जातं. मग ती लपून ओढते, किंवा धूर न होणारी मिश्री-तंबाखू जवळ करते. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरतात. त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू बिनधुराची. लपवलेल्या व्यसनासाठी मदत मागायची कशी?

२००३ च्या कायद्यानं रुग्णालयात धूम्रपानाला बंदी आहे. ती हवीच. पण बंदीनं तलफ जात नाही. निकोटिन सुटताना पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते. लागोपाठच्या रात्रपाळ्या, अपुरा स्टाफ, घरी परतल्यावर पुन्हा स्वयंपाक; यात एकटीनं निश्चय टिकवायचा कसा?

म्हणून अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, प्रत्येक रुग्णालयाकडे आपण मागणी करू या: ड्यूटीच्या वेळेत, नाव गुप्त ठेवून समुपदेशन; निकोटिनचं च्युइंगम मोफत; सोडण्याच्या पहिल्या आठवड्यात रात्रपाळीतून सूट; बसायला धड खोली. सेवापुस्तकात नोंद मात्र नको. परिचारिकांच्या संघटनांनी हा प्रश्न पगाराइतकाच आपला मानावा.

तोवर १८००-११-२३५६ हा मोफत फोन आहे. एकदम सुटत नसेल तर आधी कमी करा, पण सोडण्याची तारीख ठरवा. आणि मैत्रिणीला ‘लाज नाही वाटत?’ असं विचारण्याऐवजी ‘अडतं कुठे?’ असं विचारू या.