आठ तासांचा प्रश्न आणि पोलीस शिपाई

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनास आपला एक माजी विद्यार्थी रात्रभराचा बंदोबस्त आटोपून थेट आला होता. पोलीस शिपाई आहे. भाषणे सुरू होती आणि तो मागच्या रांगेत बसल्या जागी झोपी गेला. मुले हसली, मला हसू आले नाही.

वर्गात आम्ही शिकवतो की, मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली विधेयक मांडले आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पोलीस शिपाई मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. पुढे १९६६च्या कायद्याने परवानगीवाचून कामगार संघटनेत जाण्याचीही त्याला मनाई केली. परिणाम काय? ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती-सीएसडीएस’ यांच्या २०१९च्या अहवालानुसार भारतातील पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात. त्याच अहवालात दर चौघांपैकी तिघा पोलिसांनी गुन्हेगारांवरील हिंसा समर्थनीय मानली आहे.

थकवा हे मारहाणीचे समर्थन नव्हे, हे मी ठामपणे सांगतो. कोठडीतील मार कोणाच्या पाठीवर पडतो, हे आपल्या वस्त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. २०२२च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नव्हता. आपली मुले गजांच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. म्हणूनच हा प्रश्न केवळ खात्याचा नाही, आपलाही आहे.

पोलिसांना विपश्यनेच्या शिबिरांना पाठवले जाते. बौद्ध म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण दहा दिवसांच्या मौनानंतर माणूस पुन्हा त्याच चौदा तासांत परतणार असेल, तर ध्यानाने किती भार वाहावा? आधी झोप द्यावी, मग ध्यान.

हे अशक्य नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, आणि त्याची कल्पना एका शिपायाचीच होती. पुढे राज्यातील महिला पोलिसांसाठीही आठ तासांचा निर्णय झाला. कागदावरील असे निर्णय मनुष्यबळाअभावी बंदोबस्ताच्या पहिल्याच दिवशी कोलमडतात, म्हणून रिक्त पदे भरण्याची मागणी आठ तासांच्या मागणीबरोबरच केली पाहिजे.

तशा आशयाचे निवेदन मी लिहून ठेवले आहे. सेवेतील मुलांना त्यावर सही करा म्हणणे म्हणजे त्यांना अडचणीत टाकणे. त्यांच्या आईवडिलांना मात्र कोणी अडवलेले नाही. कागद शाळेच्या ग्रंथालयात आहे.