कोरांटीची बाजू

'पिकते तिथे विकत नाही' ही म्हण आपण परीक्षेत वाक्यात उपयोग करण्यापुरती पाठ करतो. तिचे प्रत्यंतर हवे असेल तर आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापासून ग्रंथालयापर्यंतचा रस्ता पाहावा. गेल्या वर्षापर्यंत तिथे तारेच्या कुंपणालगत कोरांटीची झुडपे होती. सुशोभनाच्या कामात ती उपटली गेली. आता तिथे हिरवळ आहे आणि पिवळसर पानांच्या ड्युरांटाची कातरलेली रांग आहे. ती नीटनेटकी दिसते, हे मी नाकारत नाही. परंतु शोभेची ही कल्पना आपण कोणाकडून घेतली, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

कोरांटी म्हणजे काय, हे खेड्यातून आलेल्यांना सांगायला नको. शहरातल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. कमरेपर्यंत, फार तर छातीपर्यंत वाढणारे आणि वर्षानुवर्षे टिकणारे हे झुडूप. पानांच्या बगलेत अणकुचीदार काटे. पावसाळा सरता सरता सोनपिवळी फुले येऊ लागतात, ती थंडीतही येत राहतात. फुलांना वास नाही, तरी बायका ती हौसेने माळतात. रानाच्या कडेला, माळावर, बांधावर कोरांटी आपली आपण वाढते. फांदी खोचली तर परसातही जगते. फळ पिकले की तडकते आणि बी दूर उडते, पेरायला माळी लागत नाही. दात दुखू लागला की माझी आजी तिचा पाला चघळायला लावी. दंतमंजनाच्या जाहिरातींतून घरोघर पोचलेली 'वज्रदंती' ती हीच. अबोली आणि अडुळसा तिच्याच कुळातले.

कुणी म्हणेल, काटेरी झुडूप शेताच्या कुंपणाला ठीक; विद्येच्या प्रांगणात त्याचे काय काम? आपण कला शाखेचे विद्यार्थी, तेव्हा उत्तर कालिदासालाच विचारू. 'मेघदूता'तला यक्ष मेघाला अलकानगरीतल्या आपल्या घराच्या खुणा सांगतो, तेव्हा बागेतल्या माधवीमंडपाभोवती कुरबकाचे कुंपण आहे असे सांगतो. हा कुरबक कोण? अमरकोशाच्या हिशेबाने लाल फुलांचा तो कुरबक आणि पिवळ्या फुलांचा तो कुरंटक. कुरंटक म्हणजेच आपली कोरांटी! कुबेराच्या नगरीत जिच्या बहिणीला मान, तिला आपल्या फाटकात जागा नाही. वर्गात यक्षाच्या बागेचे रसग्रहण करायचे आणि खिडकीबाहेर त्याच बागेचे झुडूप उपटू द्यायचे, याला काय म्हणावे?

परदेशातून आले म्हणून झाड वाईट, असे माझे म्हणणे नाही. मिरची, बटाटा, पेरू सातासमुद्रापलीकडून आले आणि आपले झाले. उलट आपली हीच कोरांटी उत्तर ऑस्ट्रेलियात उपद्रवी तण ठरली आहे. तिथे ती उपटणेच योग्य. कोणते झाड कुठे शोभते, हा खरा प्रश्न आहे. अमेरिका खंडातून शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने आपली राने व्यापली. मेक्सिकोचा पिवळा कॉसमॉस आपल्या डोंगरउतारांवर पसरला आहे आणि लोक त्यालाच इथले रानफूल समजून फोटो काढतात. कोरांटीच्या पानांवर पॅन्सी जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. कातरलेल्या हिरवळीवर त्यांनी काय खावे? शिवाय त्या हिरवळीला मे महिन्यातही फवाऱ्याने पाणी द्यावे लागते. त्याच महिन्यात माझ्या गावी बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात.

आणखी एक गोष्ट. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. इथे आल्यावर आमच्यासारख्यांना आपली बोली, डब्यातली भाकरी, आईने शिवलेली पिशवी, सारेच लपवावेसे वाटू लागते. तसे कुणी तोंडाने सांगत नाही, नजरा सांगतात. झुडपे उपटली जात असताना "कशाला हवं हे गावठी?" असे शब्द माझ्या कानी पडले. ते मला झाडापुरते वाटले नाहीत. जे गावाकडून आले ते फाटकाबाहेरच ठेवायचे, असा धडा संस्था नकळत देऊ लागली, तर तो पुस्तकातल्या धड्यांपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो.

म्हणून गुरुजनांना नम्र विनंती आहे. हिरवळ राहू द्यावी. पण येत्या पावसाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमदानातून मागच्या कुंपणालगत कोरांटीची एक रांग लावू द्यावी. फांद्या मी गावाहून आणीन. खड्डे आम्ही विद्यार्थी खणू. खर्च काहीच नाही. शेजारी एक छोटी पाटी असावी. तिच्यावर आधी 'कोरांटी' लिहावे, मग 'कुरंटक', आणि शेवटी 'बार्लेरिया प्रायोनायटिस' हे शास्त्रीय नाव. हा क्रम मात्र बदलू नये.